बचाव नौकेचे इंजिन आणि काजळलेला प्लग
(पूरपूर्व तयारीच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृष्णाकाठाला पूर नवा नाही. २००५ आणि २०१९ हे दोन महापूर तर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहेत. आज नदीकाठच्या कित्येक ग्रामपंचायतींपाशी यांत्रिक नौका आहे आणि ती आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. वस्तुतः ही नौका वर्षाचे दहा-अकरा महिने शेडमध्ये पडून असते. गावात पाणी शिरते त्या रात्रीच तिची पहिली परीक्षा होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका काठावर मी उभा होतो. दोन सिलिंडरचे जुने टू-स्ट्रोक इंजिन होते. दोरी ओढून ओढून दोन तरुण घामाघूम झाले होते आणि समोरच्या गच्चीवर माणसे वाट पाहत होती. पाऊण तासाने कोणीतरी प्लग काढले. दोन्ही प्लग तेलकट काजळीने माखलेले होते. पुसून, घासून पुन्हा बसवताच इंजिन सुरू झाले. मी काही यंत्रज्ञ नव्हे. परंतु त्या पाऊण तासामुळे हा विषय जाणकारांकडून समजून घेतला.

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. प्रमाण ५० ला १ असेल, तर लिटरला २० मिलिलिटर तेल पुरते. काही जुन्या इंजिनांना २५ ला १, म्हणजे ४० मिलिलिटर लागते. आपल्या इंजिनाचे प्रमाण पुस्तिकेत पाहून डब्यावरच रंगवून ठेवावे. ‘थोडे जास्त बरे’ या समजुतीने तेल वाढवले, की ते पूर्ण जळत नाही आणि प्लगवर साचते. उलटपक्षी तेल कमी पडले, तर पिस्टनच अडकतो.

पुराच्या कामात आणखी एक अडचण असते. गल्लीबोळांतून, विजेच्या तारा चुकवीत नौका अगदी संथ न्यावी लागते. इंजिन तासन् तास मंद गतीवर राहिले, की प्लग पुरेसा तापत नाही आणि साचलेली काजळी जळून जात नाही. म्हणून मोकळे, खोल पाणी मिळेल तेथे, नौकेत माणसे कमी असताना, दोन-तीन मिनिटे वेग वाढवावा.

प्लगचा रंग पुष्कळ काही सांगतो. फिकट तपकिरी रंग निरोगी समजावा. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल अधिक जाते आहे. पुष्कळदा चोक ओढलेलाच राहिलेला असतो. ओला, तेलकट काळेपणा अधिक तेलाचा किंवा अशक्त ठिणगीचा. पांढरा, भाजल्यासारखा प्लग मात्र सर्वांत वाईट. तेथे इंजिन ताबडतोब थांबवून थंड करणारे पाणी फिरते आहे की नाही, ते पाहावे.

एकच प्लग वारंवार काळा होत असेल, तर दोन्ही प्लगांची अदलाबदल करावी. दोष प्लगाबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला, तर प्लग बदलावा. तो जागेवरच राहिला, तर दोष कॉइलमध्ये, तारेत किंवा त्या सिलिंडरमध्ये आहे. नवे प्लग घालून पैसे वाया जातील.

प्लग पेट्रोलने धुऊन पितळी ब्रशने घासावा, पूर्ण वाळवावा आणि फट पुस्तिकेप्रमाणे मोजावी. ठिणगी पाहताना प्लगचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठेवावा. मात्र तो मोकळ्या भोकापासून दूर असावा आणि जवळपास सांडलेले पेट्रोल नसावे, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. बसवताना प्रथम हातानेच आटे धरावेत. सिलिंडरच्या ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले, की ते काम कार्यशाळेतच होते.

इंधनाविषयी एक नवी बाब. आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि पाणी वाढले, की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. गतवर्षीच्या उरलेल्या मिश्रणावर विसंबून राहू नये. डब्यावर तारीख लिहावी. पावसाळा संपताच नळी काढून कार्बोरेटरमधले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे. मात्र पाण्यात उभे करूनच. कोरडे चालवल्यास पंपाचे रबरी चक्र जळते.

दोन नवे प्लग, प्लगपाना, पितळी ब्रश आणि कोरडे फडके हवाबंद डब्यात घालून तो डबा नौकेलाच बांधून ठेवावा, ग्रामपंचायतीच्या कपाटात नव्हे. गेल्या वेळी कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती, ते गृहस्थ पुराच्या पलीकडे अडकले होते.