अनोळखी फाईल : उघडण्यापूर्वीं पाहणें

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



ज्या घरांत संगणक आहे त्या घरांत एक प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच. परदेशीं असलेल्या मुलीनें नातवाचीं छायाचित्रें पाठविलेलीं असतात, आर्किटेक्टकडून नव्या घराचा नकाशा आलेला असतो, किंवा जुन्या तबकडीवर वडिलांनीं करून ठेवलेलें लेखन अवचित हातीं लागतें. आपण ती फाईल उघडूं जातों, आणि संगणक सांगतो कीं, ही कशानें उघडावयाची तें मला ठाऊक नाहीं. अशा वेळीं कोणी ती फाईल निकामी समजून पुसून टाकतो. कोणी पडद्यावर पहिली जाहिरात दिसेल तो प्रोग्राम उतरवून घेऊन ती कशीबशी उघडूं पाहतो. पहिल्यानें घरची ठेव जाते, दुसऱ्यानें कदाचित् घरांत चोर येतो. या दोहोंच्या मधला एक शहाणपणाचा मार्ग आहे. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम फाईल म्हणजे काय तें पाहूं. संगणकाच्या लेखीं फाईल ही आंकड्यांची एक लांबच लांब ओळ असते. प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंतचा. त्याला बाइट म्हणतात. पत्र असो, गाणें असो कीं छायाचित्र असो, आंत आंकडेच. कोणत्या आंकड्याचा अर्थ काय घ्यावयाचा हें ठरविणारा जो नियम, तोच त्या फाईलीचा प्रकार. आपल्याकडील जुन्या घराण्यांत मोडी कागदांचें दप्तर असतें. कागद शाबूत असतो, शाई स्पष्ट असते. पण मोडी जाणणारा कोणी उरला नाहीं म्हणजे तें दप्तर मुकें होतें. अनोळखी फाईलीचें बहुधा असेंच असतें. ती बिघडलेली नसते; तिची लिपि जाणणारा प्रोग्राम आपल्यापाशीं नसतो, इतकेंच.

आतां हा प्रकार ओळखावा कसा? फाईलीच्या नांवांत शेवटच्या टिंबापुढें पीडीएफ, जेपीजी, डॉक अशीं कांहीं अक्षरें असतात. तें तिचें आडनांव म्हणावें. ही फाईल कोणत्या प्रोग्रामाच्या हवालीं करावयाची हें विंडोज या आडनांवावरूनच ठरवितें. परंतु आडनांव कोणालाहि बदलतां येतें, आणि तें बदलल्यानें आंतील मजकुरांत तिळमात्र फरक पडत नाहीं. मे २००० मध्यें प्रेमपत्राचें नांव धारण केलेली एक फाईल ई-पत्रांबरोबर जगभर फिरली. तिच्या नांवांत टीएक्सटी हें साध्या मजकुराचें आडनांव दिसत होतें. त्याच्याहि पुढें व्हीबीएस हें खरें आडनांव होतें. पण ओळखीचीं आडनांवें झांकून ठेवण्याची विंडोजची रीत असल्यामुळें तें पुष्कळांच्या दृष्टीस पडलेंच नाहीं. लोकांनीं पत्र म्हणून जें उघडलें तें पत्र नव्हतें. ती संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी होती. तिनें घरोघरच्या फाईलींची नासधूस केली आणि पत्त्यांच्या यादींत सांपडतील त्या सर्वांस आपल्या प्रती धाडल्या. म्हणून पहिली सूचना ही कीं, विंडोजमध्यें फाईलींचीं आडनांवें नेहमीं पूर्ण दिसतील अशी व्यवस्था करून ठेवावी.

खरी ओळख आडनांवांत नसून बहुधा फाईलीच्या आरंभींच्या कांहीं बाइटांत असते. पीडीएफ फाईलीच्या आरंभीं टक्क्याचें चिन्ह आणि ‘पीडीएफ’ हीं अक्षरें असतात. झिप जातीच्या गाठोड्याचा आरंभ ‘पी’ आणि ‘के’ या अक्षरांनीं होतो. तीं त्या प्रकाराचे जनक फिल काट्झ यांचीं आद्याक्षरें होत. विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामाच्या आरंभीं ‘एम’ आणि ‘झेड’ असतात. तीं मायक्रोसॉफ्टमधील मार्क झ्बिकोव्स्की यांचीं. तेव्हां छायाचित्र म्हणून आलेल्या फाईलीच्या आरंभीं हें ‘एमझेड’ दिसलें, तर ती छायाचित्र नव्हे हें निश्चित समजावें. ही खूण पाहून प्रकार सांगणारी आज्ञा युनिक्स प्रणालींत १९७३ पासून आहे, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानें अशा खुणांची एक मोठी नोंदवहीच ठेविली आहे. अर्थात् खूण सर्व कांहीं सांगत नाहीं. आजची वर्डची फाईल आणि ई-पुस्तकाची ईपब फाईल या दोन्ही वस्तुतः झिप गाठोडींच असल्यामुळें दोहोंचा आरंभ ‘पीके’ असाच असतो. तेथें गाठोडें सोडून आंत पाहिल्यावांचून उलगडा होत नाहीं.

हें सर्व काम आपल्यासाठीं करणारे जे प्रोग्राम, त्यांस व्ह्यूअर म्हणतात. आणि अनेक प्रकार ओळखून दाखविणारा तो सर्वदर्शी व्ह्यूअर. मॅक संगणकांत २००७ पासून क्विक लुक नांवाची सोय आहे; फाईल निवडून स्पेसची लांब कळ दाबली कीं ती न उघडतां आंतील दर्शन घडतें. चित्रांसाठीं १९९६ पासून चालत आलेला इरफानव्ह्यू, चित्रपट व गाण्यांसाठीं व्हीएलसी, आणि जुन्या लेखनासाठीं लिब्रेऑफिस हे आपापल्या क्षेत्रांतील बहुभाषी दुभाषेच होत. कित्येक सर्वदर्शी व्ह्यूअर तर प्रकार ओळखला नाहीं तरी हात टेकीत नाहींत. ते फाईल साध्या मजकुराच्या अथवा नुसत्या आंकड्यांच्या रूपांत पुढें मांडतात. त्या गर्दींतहि एखादें नांव, एखादी तारीख, ज्यानें फाईल निर्मिली त्या प्रोग्रामाचें नांव वाचावयास मिळतें, आणि तेवढ्यानें पुढची वाट सांपडते.

व्ह्यूअरचा मोठा गुण हा कीं, तो फाईल वाचतो, तिच्या आज्ञा पाळीत नाहीं. आणि मूळ मजकुराला हात लावीत नाहीं. मात्र ‘नुसतें पाहिलें तर काय बिघडतें’ असें मानून निर्धास्त राहूं नये. डिसेंबर २००५ मध्यें डब्ल्यूएमएफ जातीच्या चित्रांसंबंधीं विंडोजमधील एक दोष उघडकीस आला. त्याच्या आधारें केवळ चित्र पाहिल्यानेंहि संगणक परक्याच्या ताब्यांत जाऊं शके. जानेवारी २००६ मध्यें तो दुरुस्त करण्यांत आला. यासाठीं व्ह्यूअर मूळ कर्त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा आणि वेळोवेळीं अद्ययावत् करावा.

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों. फाईल परक्याकडून आली असेल व तिची अपेक्षा नसेल, तर ती उघडण्याच्या भरीस न पडणेंच उत्तम. ओळखीच्या माणसाची असेल तर प्रथम त्यालाच विचारावें. पुष्कळदां एका प्रश्नानें काम भागतें. मग तिची एक प्रत काढून प्रयोग प्रतीवरच करावे. आयफोन २०१७ पासून छायाचित्रें एचईआयसी या प्रकारांत सांठवितो, म्हणून मुलीनें पाठविलेलीं चित्रें जुन्या संगणकावर दिसत नाहींत. तिला तीं जेपीजी करून पाठवावयास सांगावें, किंवा तो प्रकार जाणणारा व्ह्यूअर घ्यावा. ‘विनमेल.डॅट’ नांवाची फाईल आली तर ती आउटलुकनें बांधलेली मोटली आहे व खरे कागद तिच्या पोटांत आहेत असें समजावें. फाईल आपल्या संकेतस्थळावर चढवा, आम्ही ती उघडून देतों, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेला हें चालेल. पण मृत्युपत्र, बँकेचे कागद, वैद्यकीय अहवाल हे परक्या दारीं नेऊन ठेवूं नयेत.

मराठी घरांत याहून एक निराळी अडचण येते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं, आणि त्यानंतरहि कित्येक वर्षें, आपल्याकडे मराठी मजकूर श्रीलिपी, सी-डॅक इत्यादींच्या टंकांत जुळविला जात असे. त्यांपैकीं पुष्कळ टंकांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे आकार बसविलेले असत. अशी फाईल व्ह्यूअरमध्यें सुरळीत उघडते, पण पडद्यावर दिसतात तीं निरर्थक रोमन अक्षरें नि चिन्हें. येथेंच पुष्कळ कविता, घराण्यांचे इतिहास नि मासिकांचे अंक खराब झाले समजून फेंकले जातात. वस्तुतः तो मूळ टंक मिळाला तर अक्षरें पूर्ववत् दिसतात, आणि रूपांतर करणाऱ्या साधनानें तो मजकूर युनिकोडमध्यें आणतां येतो. मात्र रूपांतरानंतर मुद्रितें तपासणें अगत्याचें आहे. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरें यांची जागा हमखास चुकते.

शेवटीं एक गोष्ट सांगून संपवितों. इंग्लंडच्या विल्यम राजानें १०८६ मध्यें आपल्या राज्याची जी नोंद करविली, तिला नऊशें वर्षें झालीं म्हणून बीबीसीनें १९८६ मध्यें देशाची नवी नोंद तयार केली व ती लेसर तबकड्यांवर उतरविली. अवघीं सोळा वर्षें लोटतात न लोटतात तोंच त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं, आणि २००२ मध्यें लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांना जुन्या यंत्राचें सोंग नव्या संगणकाकडून वठवून ती माहिती बाहेर काढावी लागली. चर्मपत्रावरचा जुना ग्रंथ मात्र जाणकारास आजहि वाचतां येतो.

म्हणून व्ह्यूअरनें फाईल दिसली म्हणजे काम संपलें असें मानूं नये. आज दिसली तोंवरच तिची एक प्रत सर्वमान्य, खुल्या प्रकारांत करून ठेवावी. मजकूर युनिकोडमध्यें, कागद पीडीएफमध्यें, चित्र जेपीजीमध्यें. आणि मूळ फाईलहि जपावी. ती कोणत्या प्रोग्रामानें व कोणत्या सालीं केली हें एका कागदावर लिहून तो कागद तिच्या तबकडीबरोबर ठेवावा. वडिलांच्या मोडी दप्तरावर अशी एक चिठ्ठी असती, तर आपले किती श्रम वांचले असते! आपल्या नातवंडांना तें म्हणण्याची पाळी येऊं नये.