डंका वाजतो तेव्हा रेकॉर्डिंग बंद करू नका



मी गोदीत हमाली करतो. मॅट्रिकपर्यंत शिकलो, कविता लिहितो. तुम्ही पोरं निर्वासितांच्या तोंडचा इतिहास टिपायला निघालात, म्हणून बोलायला उभा आहे.

निर्वासित म्हटलं की मुंबईच्या माणसाला उल्हासनगर आठवतं. बंगालचा नमःशूद्र कुणाला आठवत नाय. १९११ च्या शिरगणतीपर्यंत सरकारी कागदावर त्याची जात 'चांडाळ' होती. १९४६ ला बाबासाहेब घटना समितीवर निवडून गेले ते बंगालमधून, आणि त्यासाठी धावपळ केली ती जोगेंद्रनाथ मंडलांनी. तेच जोगेंद्रनाथ पाकिस्तानचे कायदेमंत्री झाले आणि १९५० ला राजीनामा देऊन इकडं आले.

आधी आलेल्या भद्रलोकांनी कलकत्त्याच्या आसपास वसाहती उभ्या केल्या. मागून आलेल्या नमःशूद्रांच्या वाट्याला छावण्या. १९५८ पासून दंडकारण्य प्रकल्प : माना, मलकानगिरी, परलकोट. भातशेतीचा, नदीचा माणूस खडकाळ रानात नेऊन टाकला. आपल्या गडचिरोलीतही चामोर्शी, मुलचेरा भागात त्यांची गावं आहेत. बंगालात तो अनुसूचित जातीत, महाराष्ट्राच्या यादीत त्याच्या जातीचं नावच नाय.

या माणसाचा धर्म कोणता? मतुआ. ओराकांदीच्या हरिचंद ठाकुरांनी (१८१२–१८७८) तो उभा केला. भट नको, मंत्रदीक्षा नको, तीर्थयात्रा नको. हातानं काम करा, तोंडानं हरीचं नाव घ्या, संसार नीट करा. त्यांचे चिरंजीव गुरुचंद यांनी शाळा काढल्या. बायामाणसं एकत्र नाचतात, डंका आणि कांशी वाजते, पांढऱ्या काठाचं लाल निशाण पुढं असतं. 'मतुआ' म्हणजे नादावलेले, अशी भद्रलोकांनी टिंगल केली. यांनी तेच नाव छातीवर लावलं. 'दलित' शब्द अभिमानानं उच्चारणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. फाळणीनंतर १९४८ ला गुरुचंदांच्या नातवानं ठाकूरनगर वसवलं. तिथं चैत्रात बारुणी मेळा भरतो, लाखो लोक जमतात.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, आपण १९५६ ला देव सोडले, हे हरिनाम कशाला ऐकायचं? बरोबर आहे, आपण सोडले. पण ज्याचा इतिहास तुम्ही टिपताय त्यानं तो जसा ठेवलाय तसाच घ्यावा लागेल. 'गोळीबारात किती मेले?' एवढं विचारायचं आणि डंका सुरू झाला की मशीन बंद करायचं, हे पांढरपेशा संशोधकाचं काम झालं. त्याला दुःख पाहिजे, माणूस नको.

मरिचझापीचं बघा. विरोधात असताना 'निर्वासितांना बंगालातच वसवा' म्हणणारे डावे १९७७ ला सत्तेवर आले. १९७८ ला हजारो कुटुंबं दंडकारण्य सोडून सुंदरबनातल्या त्या बेटावर गेली. स्वतःच्या हातांनी नेताजीनगर वसवलं. शाळा, दवाखाना, विड्यांचा कारखाना, होड्या बांधायची जागा. सरकार म्हणालं, हे राखीव जंगल आहे. जानेवारी १९७९ ला नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडलं. ३१ जानेवारीला गोळीबार. मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामं केलं. सरकारी हिशेबात गोळीबाराचे मेलेले दोन. लोकांच्या तोंडी शेकडो, कुणाच्या तोंडी हजारो.

सुंदरबनात बनबीबी ही रानाची माय आहे. हिंदू आणि मुसलमान दोघंही तिला मानतात. तिच्या हुकमानं वाघ आणि गरीब माणूस रान वाटून खातात. मरिचझापीनंतर वाघ माणसांवर उलटले, असं तिथले बेटकरी सांगत आले. सरकारनं वाघापायी माणसं मारली, तेव्हा वाघाला कळलं की आपली किंमत माणसापेक्षा जास्त आहे. अन्नू जलाई या संशोधक बाईंनी हे बोलणं ऐकलं आणि २००५ ला लिहून काढलं. दुसऱ्या कुणी अंधश्रद्धा म्हणून फेकून दिलं असतं. मला सांगा, सरकारी आकड्यात यापेक्षा जास्त खरं काय आहे?

म्हणून गावात जाल तेव्हा हेही विचारा. सरहद्द ओलांडताना डंका कुणाच्या खांद्यावर होता? छावणीत पहिलं कीर्तन कुठल्या झाडाखाली झालं? पोर मेलं तेव्हा अग्नी कुठं दिला, श्राद्धाला भट होता का? तारीख न आठवणारी म्हातारी याची उत्तरं देते. १९७९ ला वीस वर्षांची असलेली बाई आज पासष्टी ओलांडून गेली आहे. तिच्याजवळ फार वेळ नाय.

आणखी एक. २००३ च्या नागरिकत्व दुरुस्तीपासून 'तू कधी आलास?' हा प्रश्न नुसता इतिहासाचा राहिला नाय, तो पोलिसाचाही झाला. २०१९ च्या कायद्यानंतरही कागदाची भीती गेलेली नाय. निवडणूक आली की सगळ्या पक्षांच्या गाड्या ठाकूरनगरला लागतात, ते वेगळं. तेव्हा कुणाचं नाव, गाव, यायची तारीख त्याला विचारल्याशिवाय छापू नका. टिपलेलं त्याला परत ऐकवा. 'हे काढा' म्हणाला तर काढा. एक प्रत त्याच्या वस्तीत ठेवा, तिथल्या पोरांच्या हातात.

आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला तेव्हा काय झालं, ते आपण भोगलंय. आता लिहिणारे आपण आहोत. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढल्यासारखा त्याच्या तोंडचा शब्द काढून आणू नका.

जय भीम.