हजर, बाई!



गेल्या मेळाव्याला मी आले नाही. ‘घरी पाहुणे आहेत’ असं ग्रुपवर कळवलं, ते खोटं होतं. तेव्हा माझी स्तनाच्या कर्करोगावर केमो चालू होती.

केमोला अख्खा दिवस जातो. सकाळी रक्त द्यायचं, मग रिपोर्टची वाट बघायची. पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तरच औषध देतात, नाहीतर परत घरी. एवढी धास्ती मला दहावीच्या निकालाचीही नव्हती. मग उलटी आणि अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून इंजेक्शनं, आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेलची बाटली, थेंब थेंब, तीन तास.

त्या इंजेक्शनाने गुंगी येते. एकदा औषध लावण्याआधी सिस्टरने खात्रीसाठी माझं नाव पुकारलं आणि मी झोपेतच ओरडले, “हजर, बाई!” सगळे हसले. मीही हसले, मग रडू आलं. तुम्ही सगळे आठवलात, आणि तुम्हालाच मी काही सांगितलं नव्हतं.

गाठ हाताला लागल्यावरही मी चार महिने गप्प होते. दुखत नाही, म्हणजे साधीच असेल, असं वाटलं. मैत्रिणींनो, कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. लाजू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. सोबत कुणी नसेल तर मला फोन करा, मी येईन.

उपचार संपलेत, तपासण्या चालू राहतील. पुढचं पुढे. बाई, आज मी हजर आहे.