षड्ज सरकतो तेव्हा



आजचा विषय दूरदेशीच्या वाद्याचा आहे. परंतु ज्यांनी पेटीवर साथ केली आहे त्यांना तो फार परका वाटणार नाही, असा आमचा अंदाज आहे.

पेडल स्टील गिटार हे अमेरिकेतील वाद्य पायांवर उभे, पण आडवे असते. वादक त्यापुढे बसतो. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून घसरते, जसा विचित्र वीणेवर काचेचा गोळा. पडदे नाहीत, त्यांच्या जागी नुसत्या रेघा. पायांखाली पेडल आणि गुडघ्यांना लागून खटके. ते दाबताच ठराविक तारा वाजता वाजता चढतात वा उतरतात. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गीतात बड आयझॅक्स यांनी हे तारेचे चढणे लोकांना ऐकवले, आणि तेथील ग्रामीण वळणाच्या गाण्याला तो आवाज कायमचा चिकटला.

पुढे या वाद्याच्या दोन जुळण्या रूढ झाल्या. गाण्याच्या साथीला 'ई नाइन', आणि जॅझच्या भरगच्च स्वरसंगतींना 'सी सिक्स'. दोन्ही हव्यात म्हणून एकाच वाद्यावर दोन फळ्या, प्रत्येकीवर दहा तारा! वीस तारांचे हे ओझे उचलणाऱ्याची पाठच त्याची साक्ष देईल. मग कोणी म्हणाले, एकाच फळीवर बारा तारा लावून दोन्ही कामे का करू नयेत? तीच ही मिश्र जुळणी.

तिची युक्ती आपल्या परिभाषेत सांगतो, कारण ती तेथेच अधिक चांगली समजते. 'ई' हा षड्ज धरा. मोकळ्या तारांत सा, ग, प आहेतच. रे आणि नीही आहेत. एक पेडल पंचमाचा धैवत करते, दुसरे गंधाराचा मध्यम. आता गुडघ्याचा खटका दाबून चौथी आणि आठवी या षड्जाच्या दोन तारा अर्ध्या स्वराने उतरवा. इतर एकही तार हलली नाही. पण पंचमच आता षड्ज झाला, आणि त्याच्याभोवती सा, ग, प, ध असा नवा संसार उभा राहिला. हीच 'बी सिक्स'. दोन जुळण्या एकीला एक बांधलेल्या नाहीत. एकाच जुळणीतला षड्ज सरकला आहे. ज्याने ही गोष्ट कानाने पकडली त्याचे निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे मात्र हाताचे, आणि हात हट्टी. वर्षानुवर्षे सी सिक्स वाजवलेल्या वादकाला येथे प्रत्येक जागा एक रेघ पुढे सापडते, कारण बी हा सीच्या अर्धा स्वर खाली. शिवाय दुसरी तार येथे चौथी होते, पाचवी सातवी, दहावी बारावी. सर्वांत वरच्या तारेला हा हिशेबही लागत नाही. गणित पाच मिनिटांत कळते. पण ऐन मैफलीत उजव्या हाताची नखी जुन्याच तारेवर जाते. गवयाने आयत्या वेळी काळी एकऐवजी काळी दोन मागितली की पेटीवाल्याच्या बोटांचे काय होते, ते आठवावे. त्यातही पेटीवाल्याची पट्टी त्याच्या जागी असते. येथे दृष्टीसमोरचा नकाशाच बदलतो. ज्याचे पोट या हातावर चालते त्याने कमावलेला हात काही काळ नवशिक्याचा करून घ्यायचा, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि काही हरवतेही. दहा तारांच्या ई नाइनवर नववी तार कोमल निषादाची. बहुतेक मिश्र जुळण्यांत ती तार जाते आणि तोच स्वर गुडघ्याने पंचम चढवून आणावा लागतो. स्वर तोच, पण तो आयता मिळणे वेगळे आणि आणणे वेगळे. आपल्याकडे विलायतखाँसाहेबांनी सतारीच्या खर्जाच्या तारा काढून गंधाराची तार घेतली, तेव्हा काही गेले आणि गायकी अंगाच्या वादनाला भरणा मिळाला. जुळणी बदलणे म्हणजे सोय पाहणे एवढेच नसते. वाद्य काय बोलणार तेही त्यात ठरते.

शिकणाऱ्यास आमचे म्हणणे असे, की तारांचे आकडे विसरून त्यांना स्वरांच्या नावांनी हाक मारावी. प्रथम खटका दाबलेलाच ठेवून केवळ बी सिक्स वाजवावी, मग केवळ ई नाइन. दोहोंतली ये-जा सर्वांत शेवटी. गती मुंगीची असावी. कांडी नेमकी रेघेवर आली की नाही हे डोळ्याने नव्हे, कानाने ठरवावे. जुने दोन फळ्यांचे वाद्य घाईने विकू नये; पण निदान सहा महिने त्यावर कापड घालून ठेवावे, आणि मित्राने आग्रह केला तरी ते काढू नये.