नानांचे पाच सातबारे

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, आयोजकांनी मला सांगितलं, की ज्या माणसाकडून दीन आणि दुनिया दोन्ही शिकलात, त्याच्याबद्दल बोला. मी माझ्या नानांबद्दल, म्हणजे अम्मीच्या वडिलांबद्दल बोलणार आहे. गेल्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांना मगफिरत देवो. त्यांचं नाव मी घेत नाही. मशिदीच्या वजूखान्याला त्यांनी पैसे दिले तेव्हा भिंतीवर पाटी लावू दिली नव्हती. आज मी तरी कशाला लावू?

नाना जालना जिल्ह्यातले मोसंबी बागायतदार. जालन्याच्या मोसंबीला आता भौगोलिक मानांकन आहे, पण ते मानांकन ज्या हातांनी मिळवलं ते हात कोणी बघत नाही. नाना चौथी शिकलेले. १९७२च्या दुष्काळात ते चोवीस वर्षांचे होते. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोची भाकरी खाल्ली. त्या कामावर त्यांना एक गोष्ट कळली, की पाऊस अल्लाहच्या हातात आहे, पण पडलेला पाऊस अडवणं माणसाच्या हातात आहे. पुढे विहीर खणली, बांध घातले आणि एक-एक एकर करत बारा एकर जमीन उभी केली. त्यातल्या पाच एकरांवर मोसंबी.

आपल्यातले बरेच जण शहरात वाढलेत, म्हणून थोडं बागेबद्दल सांगते. मोसंबी बी लावून करत नाहीत. जंभेरीचं रोप वाढवायचं, त्याच्या खोडावर चीर देऊन मोसंबीचा डोळा बसवायचा आणि पट्टीनं बांधायचं. याला डोळा भरणं म्हणतात. डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर हवा. कलमाचा जोड मातीत गाडला गेला की डिंक्या लागतो, खोडातून डिंक वाहतो आणि चांगलं झाड वाळून जातं. म्हणून पाणी खोडाला लागू द्यायचं नाही, दुहेरी आळं करायचं, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची. आंबिया बहार धरायचा तर आधी महिना-सव्वा महिना झाडाचं पाणी तोडायचं, त्याला ताण द्यायचा. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाड मरतं. हा अंदाज पुस्तकात मिळत नाही. नाना पानाकडे बघून सांगायचे.

डोळा भरायला गावातली पोरं त्यांच्याकडे शिकायला यायची. मराठा, माळी, बौद्ध, आपली, सगळी. कोणाकडून पैसे घेतले नाहीत. पुढे त्यातल्या काहींनी स्वतःची रोपवाटिका काढली, नानांचंच गिऱ्हाईक तोडलं. मामू चिडले, तर नाना म्हणाले, "हुनर छुपाने से बढता नहीं बेटा, सडता है."

घराच्या मागेही त्यांची एक छोटी बाग होती. कढीपत्ता, मोगरा, दोन डाळिंबं, पुदिन्याचा वाफा. पुदिना कोणीही न विचारता तोडायचा, असा नियम. कब्रस्तानात त्यांनी कडुनिंब लावले आणि पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात फजरनंतर सायकलला कॅन बांधून पाणी नेलं. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी सांगितलं आहे, की मुसलमानानं झाड लावलं किंवा पेरणी केली आणि त्यातून माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं खाल्लं, तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आपण ती पर्यावरण दिनाच्या पोस्टरवर टाकतो. नाना तिच्यावर सायकल चालवायचे.

आता त्यांच्या हिशेबाबद्दल. जकात आपल्याला माहीत आहे, पण शेतीच्या उत्पन्नावरचा उश्र किती जणांना माहीत आहे? पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग. विहिरीनं, मोटेनं, पंपानं भिजवलेल्या पिकाचा विसावा भाग. मेहनत आणि खर्च जास्त, म्हणून हिस्सा निम्मा. हनफी फिकहप्रमाणे फळांवरही तो लागतो आणि खर्च वजा करण्याआधी काढायचा असतो. नानांची मोसंबी काट्यावर चढली की वजनाची चिठ्ठी घेऊन ते आधी विसावा भाग काढायचे. एका टनाला पन्नास किलो. भाव पडलेला असो, व्यापाऱ्यानं पैसे अडकवलेले असोत, तो हिस्सा आधी. "बाकी मेरा नहीं हुआ अब तक, ये तो मेरा कभी था ही नहीं," असं म्हणायचे. उश्र ज्यांचा हक्क त्यांना, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायचं ते वेगळं, आपल्या वाट्यातून.

पण खरी परीक्षा २०१२-१३च्या दुष्काळात झाली. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या हे तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलंय. कोणी टँकर विकत घेऊन झाडं जगवली, कोणी कुऱ्हाड लावली. नानांच्या विहिरीला तळाशी पाणी होतं. रोज दोन-तीन तास पंप चालेल एवढंच. तेवढ्यात अर्धी बाग कशीबशी निघाली असती. पण वस्तीवरचा हातपंप आटला होता आणि टँकर कधी यायचा, कधी नाही. नानांनी विहिरीवर आधी बायांच्या घागरी भरू दिल्या, मग जनावरं, आणि उरलं तर झाडं. जोपासलेली साडेपाचशे झाडं होती, त्यातली दीडशे वाचली. मोठे मामू तेव्हा त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत. त्यांचा राग खोटा नव्हता. बँकेचं कर्ज होतं, मोसंबीचं झाड पुन्हा फळावर यायला पाच वर्षं लागतात. घराला ते नुकसान खूप काळ पुरलं. मी हे यासाठी सांगते, की नेकी स्वस्त असते असं कोणी तुम्हाला शिकवलं असेल तर ते खोटं आहे. पाणी, चारा आणि विस्तव यांत सगळ्या माणसांचा वाटा आहे अशी हदीस आहे. ती पाळायची किंमत चारशे झाडं होती. नानांनी ती मोजली.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर उभी आहे, ती. २०१६ साली नानांनी आपल्या पाचही मुलांना बोलावलं. दोन मुलगे, तीन मुली. बारा एकरांतले दोन एकर त्यांनी स्वतःकडे ठेवले. दहा एकरांची सरकारी मोजणी करून घेतली, हद्दीचे दगड रोवले आणि प्रत्येकाला दोन-दोन एकर दिले. मुलाला दोन, मुलीलाही दोन. दुय्यम निबंधकाकडे बक्षीसपत्रं नोंदवली, फेरफार झाला, पाच वेगळे सातबारे निघाले.

गावात चर्चा व्हायची ती झाली. पहिला मुद्दा, मुलींना लग्नात दिलंच की. नाना म्हणाले, "शादी में खाना मैंने गाँव को खिलाया, बेटी को नहीं." दुसरा मुद्दा, जमीन परक्या घरात जाईल. त्यावर ते म्हणाले, "बेटी परायी नहीं हुई, सिर्फ दूर गयी." तिसरा मुद्दा एका शिकलेल्या माणसानं काढला, की शरियतमध्ये मुलीला मुलाच्या निम्मं आहे, तुम्ही सारखं कसं देता? याचं उत्तर आपण नीट समजून घेऊ या. सूरह निसामध्ये जे हिस्से सांगितले आहेत, ते माणूस मेल्यानंतरच्या वारशाचे. हयातीत दिलेलं ते हिबा. आणि हिब्याबद्दल नोमान बिन बशीर यांची हदीस प्रसिद्ध आहे. त्यांच्या वडिलांनी एकाच मुलाला भेट दिली आणि रसूलुल्लाहना साक्षीला बोलावलं, तेव्हा बाकीच्या मुलांनाही असंच दिलंस का, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. नाही म्हटल्यावर मुलांमध्ये न्याय करायला सांगितलं. हनफी फिकहमध्ये हयातीत देताना मुलगा-मुलगी समान ठेवणं पसंत मानलं जातं. नाना आलिम नव्हते. त्यांनी दोन मौलानांना विचारून घेतलं आणि मग सही केली.

ते गेल्यावर उरलेल्या दोन एकरांचा वारसा झाला. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज. वसीयत त्यांनी केली नव्हती, केली असती तर तीही एक तृतीयांशापर्यंतच चालली असती. नानी आधीच गेल्या होत्या. मग ऐंशी गुंठ्यांचे सात भाग. मामूंना दोन-दोन, अम्मी आणि खालांना एक-एक. जिथे कुरआननं हिस्सा ठरवून दिला तिथे तोच. कोणाकडूनही हक्कसोडपत्र लिहून घेतलं नाही.

हा शब्द महत्त्वाचा आहे, हक्कसोडपत्र. बाप गेला की चाळिसाव्याच्या आत बहिणींना तहसीलला नेतात, सह्या घेतात, एक साडी देतात आणि परत आणून सोडतात. बहीण सही करते, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटेल. ज्या घरात व्याज हराम आहे, डुक्कर हराम आहे, त्याच घरात बहिणीची जमीन खाणं मात्र रीत असते. वर कायद्यातही एक फट आहे. १९३७च्या शरियत कायद्याच्या कलम २ मध्ये शेतजमीन स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. ज्यांना बहिणीला द्यायचं नसतं, ते ही फट आणि गावाची रूढी पुढे करतात. म्हणजे बाकी सगळीकडे शरियत आणि बांधावर आलं की रूढी! नानांच्या पद्धतीनं हयातीत नोंदवलेल्या बक्षीसपत्राला हा वाद आडवा येत नाही.

या दोन एकरांनी काय झालं, तेही सांगते. अम्मीची जमीन मामूच कसतात, बटईनं. दरवर्षी हिशेब होतो, वहीवर लिहिला जातो. सातबारा अम्मीच्या नावावर, म्हणून पीक कर्ज आणि पीक विमा तिच्या नावावर. माझ्या शिक्षणाची फी त्या मोसंबीतून गेली. अब्बू आजारी पडले तेव्हा अम्मीला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. आणि माहेर तुटलं का? ईदला सगळे तिथेच असतात. हिशेब साफ असला की माणसं एकमेकांच्या घरी मोकळेपणानं जातात, एवढं मी पाहिलं आहे.

अबू तलहा अन्सारी मदिन्यातले मोठे बागायतदार होते. बैरुहा ही त्यांची सगळ्यांत लाडकी बाग. सगळ्यांत प्रिय असेल ते दिल्याशिवाय नेकी मिळत नाही, या अर्थाची आयत आल्यावर त्यांनी ती बाग देऊ केली, आणि रसूलुल्लाहच्या सल्ल्यानं आपल्याच नातेवाइकांत वाटली. बागवान, नातं आणि इमान यांचा संबंध इतका जुना आहे.

तेव्हा मित्रांनो, घरी गेल्यावर तीन कामं करा. आपल्या घराचा सातबारा बघा, ऑनलाइन निघतो, आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ती वाचा. आजीचं, आत्यांचं नाव कधी होतं आणि ते कोणत्या फेरफारानं गेलं, हे विचारा. भांडायला नाही, समजून घ्यायला विचारा. आणि वडील हयात असतील तर हिब्याची गोष्ट आजच काढा. महाराष्ट्रात मुला-मुलीला शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, वर अधिभार आणि किरकोळ खर्च. पैशाचं कारण राहिलेलं नाही. मुलग्यांनो, हा विषय तुम्ही काढा. बहिणीनं काढला तर ती लोभी ठरते, तुम्ही काढलात तर कोणी काही म्हणू शकत नाही.

अल्लाह आपल्या सगळ्यांना हक्क ओळखायची आणि तो ज्याचा त्याला पोहोचवायची तौफिक देवो. आमीन.