‘टीमने केलं’ म्हणणं म्हणजे नम्रता का?

कुणी बसमध्ये ऐकत असेल, कुणी भांडी घासताना. आजचा एपिसोड छोटा आहे, पण मला जरा जड जाणार आहे.

मी नगरच्या ख्रिस्ती घरातला. शब्बाथ शाळेत पहिला धडा हाच, की मीपणा करू नये. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हाही आई म्हणाली, “देवाची कृपा म्हण, मिरवू नकोस.” ते अंगात मुरलं. मग बीटेक झालो, पुण्यात नोकरी लागली आणि दरवर्षी तो अप्रेझलचा फॉर्म समोर यायला लागला: ‘तुम्ही या वर्षी काय केलंत?’

दोन वर्षांपूर्वी आमची पेमेंट सर्व्हिस रात्री-अपरात्री बंद पडायची. मी आणि एक ज्युनिअर तीन रात्री जागलो. एरर आली की डेटाबेसचं कनेक्शन उघडंच राहत होतं. हे पकडलं त्या ज्युनिअरने. मी फॉर्मात एकच ओळ लिहिली, ‘टीमने प्रॉब्लेम सोडवला.’ वाटलं, किती नम्र आहे मी!

मला प्रमोशन मिळालं नाही. ते एक वेळ चालेल. पण तो ज्युनिअर कॉन्ट्रॅक्टवर होता आणि त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. मॅनेजर म्हणाले, “अरे, त्याने नेमकं काय केलं हे कुणी सांगितलंच नाही.”

सांगणारा मीच होतो ना!

त्याचा फोन आला. “दादा, तुम्ही तरी बोलायचं होतं.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग खूप विचार केला. खरं सांगू? ती नम्रता नव्हतीच. निम्मी भीती होती, की स्वतःबद्दल बोललो तर लोक काय म्हणतील. आणि निम्मा अहंकार, की न सांगताच कुणीतरी ओळखावं आणि वर ‘किती साधा मुलगा’ असंही म्हणावं.

प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. पण योहानाच्या शुभवर्तमानात पुढचा भाग नीट वाचा. पाय धुऊन झाल्यावर तो ‘मी कुणीच नाही’ असं म्हणत नाही. तुम्ही मला गुरू म्हणता ते बरोबरच आहे, असं तो सांगतो. आपण कोण आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही तो खाली वाकला.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. त्यांनी ती विद्वत्ता लपवली नाही. 1887 मध्ये अमेरिकेत इंग्रजी पुस्तक काढलं, तिथे व्याख्यानं दिली, पैसे उभे केले. त्यातून 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढे दुष्काळात अनाथ झालेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. त्या ‘मला काय येतंय’ म्हणत गप्प बसल्या असत्या, तर त्या बायका कुठे गेल्या असत्या?

म्हणून आता मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. जे लिहिलंय ते खरं आहे का? आणि माझ्या यशाचा उपयोग माझ्याशिवाय आणखी कुणाला होतोय का? फॉर्मात आता माझं काम ‘मी केलं’ म्हणून लिहितो, आणि दुसऱ्याचं काम त्याच्या नावानिशी. कुणाचं नाव ‘टीम’ या शब्दाखाली गाडत नाही.

हे जमलंय असं नाही हं. बढती मिळाली की डोक्यात हवा जातेच. मग आईचं ते वाक्य आठवतं, आणि ते अजूनही बरोबर आहे. फक्त कृपा म्हणजे गप्प बसणं नव्हे, एवढं मला उशिरा कळलं.

त्या ज्युनिअरला पाच महिन्यांनी दुसरी नोकरी मिळाली. मी माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ द्या दादा.” पण ते पाच महिने त्याने घरभाडं कसं भरलं, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तुमच्या टीममध्ये असं कुणाचं नाव राहून गेलंय का? असेल तर उद्याच बोला. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!