अर्धांगानंतरचें औदासीन्य

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरकडे ऊस पिकविण्यांत जन्म घालविलेला मनुष्य लकव्यानें खाटेस खिळला, कीं घरचीं माणसें त्याच्या हातापायांस नेमानें तेल चोळतात. मनाची विचारपूस क्वचितच होते. तो जेवण टाकतो, भिंतीकडे तोंड करून पडतो, व्यायाम नाकारतो. लोक त्यास आळशी म्हणतात! वस्तुतः अशा तीन रोग्यांपैकीं सुमारें एकास हें औदासीन्य ग्रासतें. मेंदूची इजा व परावलंबनाचें दुःख, दोन्हीं त्याच्या मुळाशीं असतात. डाव्या मेंदूस इजा झाल्यास पुष्कळदां वाचाही जाते. मग त्यानें सांगावें कसें? औषधानें व संभाषणानें तें ओसरूं शकतें. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मुक्या रोग्यासाठीं तो घरच्यांनींच फिरवावा.